दक्षिणमुखी विमान

मुलुंडहून जुहूला जायला व्हिसा लागत नाही, पण वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी घरच्यांची परवानगी लागते. ती मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी मागितलीच नाही. सून ऑफिसात पोचली, मुलगा अंघोळीला गेला आणि मी चपला पायात सरकवून जिना उतरले. पिशवीत पाण्याची बाटली, दोन दशम्या (दुधात भिजवलेल्या पिठाच्या, प्रवासात टिकणाऱ्या पोळ्या), एक चिठ्ठी, एक किल्ली आणि खडूंची पेटी. फ्रिजवर कागद चिकटवून आले होते : 'वादळ येतंय. विमान बांधायला जातेय. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात.' मुलाने तो वाचला तेव्हा त्याला वाटलं, आईचं आता सुरू झालं.

अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते मुंबईच्या बाजूने वर सरकणार होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे पोराचं नाव आत्या कानात सांगते. या वादळांची आत्या कोण असते कोण जाणे, पण एकदा नाव कळलं की लोक त्याच्याविषयी जावयासारखे बोलायला लागतात. कधी निघालं? कुठवर आलं? इथे थांबणार की परस्पर गुजरातला जाणार? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला होता : 'गच्चीतल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे व इतर हलक्या वस्तू घरात घ्याव्यात.' इतर हलक्या वस्तूंत विमान धरायचं का, असं मी विचारलं. तिघांनी हसरे चेहरे टाकले, एकाने नमस्कार टाकला.

विमान माझ्या धाकट्या दिरांचं, शरदभावजींचं. मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. पन्नाशीला आल्यावर मात्र प्रभाकरराव नावाच्या मित्राबरोबर भागीत एक जुनं, दोन माणसांचं, नाकाला पंखा असलेलं विमान घेतलं. लोक भागीत टेम्पो घेतात. यांनी विमान घेतलं. दर रविवारी जुहूच्या छोट्या धावपट्टीवरून वर जायचं, समुद्रावर एक गिरकी घ्यायची, खाली उतरायचं आणि घरी येऊन वरणभात खायचा. भावजी चालवायचे, प्रभाकरराव शेजारी डोळे मिटून बसायचे. वीस वर्षं हा नेम.

गेल्या महिन्यात भावजी घरातला पंखा पुसताना स्टुलावरून पडले. वीस वर्षं आभाळातून सुखरूप उतरलेला माणूस दीड फुटावरून उतरताना चुकला. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि भावजींनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची, म्हणायची, "काका, उठा बरं, चार पावलं." काका भिंतीला विचारायचे, "कुठे जायचंय?"

वादळाच्या बातम्या सुरू झाल्या त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले, तर तोंड माझ्याकडे होतं.

"वहिनी, विमान उघड्यावर आहे. शेडमध्ये जागा नाही, तिथे मोठ्या लोकांची हेलिकॉप्टरं आहेत. आणि प्रभाकरनं त्याचं तोंड पूर्वेला करून ठेवलंय."

"मग? पूर्व काय वाईट?"

"वारा दक्षिणेकडून येणार. विमान नाकावर वारा सोसतं, बगलेत नाही सोसत. बगलेत शिरला की पंख उचलतो आणि अख्खं विमान उताणं पडतं. तावडे मेकॅनिक आहे तिथे, तो सगळं बांधेल. पण प्रभाकर त्याला तोंड फिरवू देत नाही. दक्षिण अशुभ म्हणतो. फोनवर मी बोलून थकलो. मालक दोघं. तुम्ही माझी चिठ्ठी घेऊन जा आणि त्याला कबूल करा."

"मी? मला तर विमानाचं पुढचं-मागचंही कळत नाही."

"त्याला तरी कुठे कळतं?" मग म्हणाले, "ते गेलं ना वहिनी, तर त्या पोरीला सांगा, येऊ नकोस म्हणावं. मला कुठे जायचंच राहणार नाही."

विमानाच्या दाराची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची. ऑपरेशनच्या वेळी नर्सने ती काढून उशीखाली ठेवली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि सोबत एक यादी. यादीत शेवटी लिहिलं होतं : 'चॉक, ४ नग.' चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला चॉक म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. चार कशाला, मी अख्खी पेटी घेतली. वर दोन रंगीत.

रिक्षावाला घाटकोपरचा निघाला, बोलका. "कुठे आजी?"

"विमानतळावर."

पवईपर्यंत प्रवास झकास झाला. तलाव अगदी शहाण्यासारखा पडून होता, वादळाची बातमी त्याच्यापर्यंत आलेलीच नसावी. रस्त्याकडेचे मोठे जाहिरातफलक मात्र उतरवायचं काम चाललं होतं. एका फलकावर 'तुमच्या स्वप्नांना पंख' असं लिहिलं होतं आणि चार माणसं त्या पंखांचे नट पान्याने सोडवत होती. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ते फलक पक्के आहेत असं सगळ्या संबंधितांनी सांगितलं होतं, हे आपलं वर्तमानपत्रात वाचलेलं.

अंधेरीच्या अलीकडे एका उडुप्याकडे आम्ही दोघांनी चहा घेतला. माझी एक दशमी त्याला दिली. त्याने चहात बुडवून खाल्ली आणि विचारलं, "फ्लाइट किती वाजता आहे आजी?"

"आमची फ्लाइट जागेवरच आहे रे. तिने जाऊ नये म्हणून चाललेय."

त्याने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांना उलट विचारू नये असा त्याच्यावर संस्कार असावा. त्याच संस्कारामुळे त्याने मला सरळ मोठ्या, आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दारात नेऊन उभं केलं. काचेची दारं, ट्रॉल्या आणि विमानं रद्द झाल्यामुळे ओरडणारी माणसं.

"हे नव्हे रे बाबा! जुहूचं. छोटं."

"तिकडे पण विमान असतात?"

"एक तरी आहे. उद्यापर्यंत."

"मग आधी बोलायचं ना आजी! वाट लागली ना उगाच," असं म्हणत त्याने रिक्षा वळवली. वाटेत त्याने मला दोनदा विचारलं की विमान खरंच आमच्या घरचं आहे का, आणि मग उतरताना पिशवी स्वतः उचलून दिली. श्रीमंतांना मान मिळतो म्हणतात तो असा.

जुहूला हवेत मीठ होतं आणि वारा अजून नुसता कुजबुजत होता. फाटकावर एक तरुण सुरक्षारक्षक बसला होता. त्याने एक वही पुढे सरकवली. नाव, पत्ता, येण्याचं कारण. मी शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात कारण लिहिलं : विमानबांधणी.

त्याने ते वाचलं. मला वरून खालपर्यंत बघितलं. मग पुन्हा वाचलं.

"आजी, विमानबांधणीचा कारखाना इथे नाही."

"मी कारखान्यात नाही आले. आमचं विमान बांधायला आलेय."

"नवीन बांधणार?"

"जुनंच. बांधलेलं आहे. ते बांधायचंय."

"बांधलेलं आहे तर परत का बांधायचं?"

मराठी भाषा समृद्ध आहे असं मी चौतीस वर्षं पोरांना सांगत आले. घर बांधतात तोच शब्द गुरं बांधायला वापरला की अशी समृद्धी अंगावर येते. शेवटी मी पदराची गाठ मारून दाखवली. "असं. दोरीनं. वादळ येतंय ना?"

"मग असं लिहा ना," म्हणून त्याने 'विमानबांधणी' खोडून तिथे 'टाय' असं लिहिलं.

आत गेले आणि पहिल्यांदा ते विमान जवळून पाहिलं. वीस वर्षं भावजी रविवारी ये म्हणायचे आणि मी पुढच्या रविवारी म्हणायचे. पांढरं, निळा पट्टा, कपाटाएवढं दार. एवढासा जीव. त्याच्याकडे बघून मला विमानाची नव्हे, पावसात बाहेर राहिलेल्या वासराची आठवण झाली. तोंड पूर्वेला, म्हणजे आमच्या मुलुंडच्या दिशेला. शेजारी कुणाचं तरी दुसरं विमान होतं, त्याचंही तोंड पूर्वेलाच. पंखांखाली दोन्ही बाजूंना सिमेंटमध्ये रुतवलेल्या लोखंडी कड्या होत्या, आणि तिथे पट्ट्यांची भेंडोळी घेऊन एक पन्नाशीचा माणूस डोक्याला हात लावून बसला होता.

"तावडे?"

"मीच तावडे. शरदकाकांच्या वहिनी ना?" त्यांनी यादी बघितली. "किल्ली बरी आणलीत. आतली दांडी पट्ट्यान बांधूक होयी, नायतर मागचा सुकाणू वाऱ्यान फडफडून तुटतला. आणि चॉक?"

मी खडूंची पेटी पुढे केली.

तावड्यांनी पेटी उघडली, बंद केली, माझ्याकडे बघितलं. "काकू, ह्यो कित्याक?" चॉक म्हणजे चाकापुढे-मागे लावायची लाकडी पाचर, हे मला तेव्हा कळलं. चारही पाचरी त्यांच्या पेटीतच होत्या. भावजींनी फक्त मोजायला सांगितल्या होत्या.

"खुणा करायला," मी ऐटीत म्हटलं, आणि जमिनीवर रंगीत खडूने दक्षिणेकडे जाणारा एक मोठा बाण काढला. शिक्षिका कधी चुकत नसते, तिला वेगळं म्हणायचं असतं.

"बाण बरोबर हा," तावडे म्हणाले. "वारो आधी आग्नेयेसून येतलो, मगे दक्षिणेसून. नाक थय होया. पन ते बसलेत ना गाडीत."

ते म्हणजे प्रभाकरराव. थोड्या अंतरावर मोठ्या गाडीत, काचा बंद करून, मांडीवर पिशवी. पिशवीत लिंबू-मिरची होती, विमानाच्या पंख्याला बांधायला. मी काचेवर टकटक केलं.

"वहिनी! तुम्ही एवढ्या लांब?"

"शरदभावजींची चिठ्ठी आहे. विमानाचं तोंड फिरवायचंय."

"दक्षिण सोडून सांगा. कुठेही फिरवा."

"वारा दक्षिणेकडून येणार आहे प्रभाकरराव. त्याला तुम्ही दुसरी दिशा सुचवलीत का?"

ते चिडले नाहीत. खाली उतरले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या कारखान्याचं गेट दक्षिणेला होतं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे."

पुढचं मला ठाऊक होतं. कारखान्याच्या जागेवर बत्तीस मजली टॉवर झाला आणि त्यातले दोन मजले प्रभाकररावांना मिळाले. पण त्यांच्या नट-बोल्टचा आवाज बंद झाला तो झालाच. माणसाला एखाद्या दिशेची भीती बसते ती अशी, वरकरणी हसण्यासारखी. म्हणून मी सोपा मार्ग काढला.

"बरं, आग्नेय? दक्षिणेच्या जरा अलीकडे?"

"आग्नेयेला स्वयंपाकघर हवं," प्रभाकरराव म्हणाले. "विमान कसं ठेवणार?"

तावड्यांनी पट्ट्यांचं भेंडोळं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

आता वाचकहो, मी त्यांना हसत होते, पण तो अधिकार मला नाही. सव्वीस वर्षांची असताना मी या बाबतीत प्रभाकररावांची आजी शोभले असते. दिवसा पाचवीच्या वर्गात चुंबकसुई दाखवून सांगायचे, मुलांनो, दिशा म्हणजे फक्त दिशा, चांगली-वाईट काही नसते. आणि संध्याकाळी घरी आले की आमच्या एका खोलीच्या संसारात पलंग ढकलत बसायचे, कारण दक्षिणेकडे पाय करून झोपू नये. पलंग सरळ मावेना, म्हणून तिरका लावला. आमचे हे उंच. त्यांचे पाय स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जायचे. सकाळी दूध तापवायचं तर आधी नवऱ्याचे पाय ओलांडायचे. अकरा वर्षं ते पाय पिठाच्या डब्याला लावून झोपले. अकराव्या वर्षी शाळेतल्या एका मुलाने मला सांगितलं की बाई, सुई लोखंडी कपाटाजवळ धरली की चुकीची दाखवते. घरी येऊन बघते तर मी सुई ठेवायचे ती कपाटावरच. म्हणजे अकरा वर्षं माणसाचे पाय बरोबर दक्षिणेला होते. मी मेहनत करून ते तिकडे लावले होते!

ही गोष्ट मी प्रभाकररावांना तिथल्या तिथे सांगितली. म्हटलं, "बघा, काही झालं का त्यांना?"

प्रभाकरराव विचार करून म्हणाले, "पण ते आज आपल्यात नाहीत वहिनी."

तावड्यांनी दुसरीकडे बघितलं.

"एकाहत्तराव्या वर्षी गेले," मी म्हटलं. "पलंगावर नव्हे, पाटावर. जेवताना. आणि तोंड पूर्वेला होतं."

हे त्यांना पटलं, पण पटलं म्हणून कुणी दिशा बदलत नाही. वारा वाढला. गवत एका बाजूला लवायला लागलं आणि विमानाचा एक पंख जरासा, अगदी वीतभर, वर झाला आणि खाली बसला. कुणीतरी खांदा उडवावा तसा. पलीकडे शाळेतल्या पुस्तकातला वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा) असतो तशी एक कापडी पिशवी खांबावर फुगली होती, तिचं शेपूट आमच्याकडे. तावडे उठून उभे राहिले. "काका, अजून दोन तासांनी माका हात लावूक गावचो नाय. साहेब लोक सगळ्यांका भायर काढतले."

मला भावजी दिसले. भिंतीकडे तोंड केलेले.

आणि मग मला सुचलं. कसं सुचलं ते मला विचारू नका. शास्त्र शिकवणाऱ्या बाईला असं सुचू नये.

"प्रभाकरराव, शनिवारी तुम्ही कुठे जाता?"

"मारुतीला. चाळीस वर्षं."

"सगळ्या मारुतींत जास्त जागृत कोणता?"

"दक्षिणमुखी," ते पटकन म्हणाले, आणि थांबले.

"त्याला नाही का बाधली दक्षिण?"

"तो मारुती आहे वहिनी. हे विमान आहे."

"मग मारुती काय करायचा? उडायचाच ना? समुद्रावरूनच ना? आणि बाप कोण त्याचा?"

"वायू," प्रभाकरराव म्हणाले. आवाज बदलला होता.

"उद्या येणार कोण? वारा. म्हणजे बाप येणार भेटायला, आणि तुम्ही मुलाला पूर्वेकडे तोंड करून उभं करताय. बापाकडे कूस करून उभं राहायचं? संस्कार आहेत की नाही?"

प्रभाकररावांनी विमानाकडे बघितलं. मग त्यांनी बूट काढले.

"फिरवा," ते म्हणाले.

विमान फिरवायला इंजिन लागत नाही. पुढच्या चाकाला एक दांडा अडकवतात आणि हातगाडीसारखं ओढतात. तावडे पुढे, प्रभाकरराव अनवाणी मागे, आणि मी माझ्या खडूच्या बाणावर उभी राहून "आणखी थोडं, आणखी थोडं" म्हणत हात हलवत होते. नाक बाणावर आलं. तावड्यांनी पाचरी ठोकल्या, आतली दांडी पट्ट्याने जखडली, पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या कड्यांना ताणून गाठी मारल्या. पंखाखाली एक छोटी नळी असते, विमानाला स्वतःचा वेग तिच्यातून कळतो. तिला त्यांनी लाल टोपडं घातलं. शेवटी टाकी काठोकाठ भरली. पोट भरलेलं विमान सहजी उचललं जात नाही, हे मला आमच्या घरच्या पुरुषांवरून लगेच पटलं.

प्रभाकररावांनी गाडीतून नारळ आणला, तेव्हा फाटकावरचा रक्षक धावत आला. "काका, नारळ नाही! इथे खडासुद्धा चालत नाही. करवंटीचा तुकडा पंख्यात गेला तर हेलिकॉप्टर खाली येईल."

शेवटी नारळ त्याच्या बादलीत फोडला. मग प्रभाकररावांनी विमानाच्या नाकाला बोटभर शेंदूर लावला. तावडे काही म्हणाले नाहीत, म्हणून मीही म्हणाले नाही. तिथेच मी चुकले.

त्यानंतर तावड्यांनी डबा उघडला. कुळथाची पिठी (कुळिथाच्या पिठाचं दाटसर पिठलं), तांदळाची भाकरी आणि सुका जवळा (बारीक सुकट). वारा इतका होता की भाकरी एका हाताने धरून ठेवावी लागत होती. त्या दिवशी जुहूला हॉटेलं बंद, चौपाटीवरचे ठेले ताडपत्रीत गुंडाळलेले, पण एवढं चांगलं जेवण मला या किनाऱ्यावर कधी मिळालेलं नाही. प्रभाकररावांनी जवळ्याला हात न लावता नुसतं खोबरं खाल्लं. शनिवार नव्हता, पण आता सांगता येत नाही म्हणाले. त्यांनीच मला गाडीने मुलुंडला सोडलं. घरी मुलगा दारात उभा होता. "आई, विमान बांधून झालं?" त्याने डॉक्टर पेशंटशी बोलतात त्या आवाजात विचारलं. "झालं," म्हटलं. "भात झाला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापासून जे सुरू झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. टीव्हीवर एक मुलगा समुद्रात गुडघाभर उभा राहून लोकांना समुद्रापासून लांब राहा म्हणून सांगत होता. मी भावजींच्या खाटेजवळ बसले होते. हॉस्पिटलच्या खिडक्या दाणदाण वाजत होत्या आणि भावजी प्रत्येक झोताबरोबर मान किंचित वळवत होते. "आग्नेय," म्हणायचे. मग बऱ्याच वेळाने, "आता दक्षिण." तावड्यांचा फोन लागत नव्हता. दुपार गेली. संध्याकाळी लागला.

"आसा काका! जागेवर आसा. एक पट्टो तुटलो, तीन ऱ्हवले. शेजारचा होता ना पूर्वेक तोंड करून, ता उताणा पडला."

भावजींनी फोन छातीवर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रभाकरला कसं पटवलंत?"

"शास्त्र समजावून सांगितलं," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, मी भावजींना घेऊन पुन्हा जुहूला गेले. घरी आले होते, पण चालत नव्हते. वॉकरवर टॉवेल वाळत असायचा. "आधी विमान बघतो, मग चालतो," हा त्यांचा हट्ट. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून, वॉकर बरोबर घेऊन, फाटकातून आत नेलं, तर रक्षक म्हणाला, "आजी, चपला इथे काढा."

"का रे? कधीपासून?"

"वादळापासून."

पुढे गेलो आणि भावजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांच्या विमानाचं नाक दिसत नव्हतं. होता तो शेंदूर, बोटभर जाड, तेलाने चमकणारा. पंख्याच्या पात्यांत रुईच्या पानांच्या माळा. समोर प्रभाकरराव हात जोडून, त्यांच्यामागे चार मेकॅनिक, दोन सफाईवाल्या आणि एक हेलिकॉप्टरचा पायलट, गणवेशात, अनवाणी. वादळात तेवढं एकच उघड्यावरचं विमान शाबूत राहिलं आणि ते दक्षिणेकडे तोंड करून होतं, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं त्यांचं त्यांनी जुळवलं होतं. मी फक्त पहिली ओळ सांगितली होती.

तावडे ओशाळे होऊन पुढे आले. "काका, दिवो मात्र मी लावूक देऊक नाय. टाकीत पेट्रोल आसा."

"वहिनी," भावजी दातांवर दात ठेवून म्हणाले, "शास्त्र?"

मी पदर सारखा करत होते, तेवढ्यात त्यांना ती नळी दिसली. पंखाखालची, वेग सांगणारी. लाल टोपडं काढलेलं होतं आणि आत कुणीतरी उदबत्ती खोचली होती. पेटवलेली नव्हती, पण खोचली होती.

"अरे गाढवांनो!" भावजी ओरडले आणि उठले.

मी वॉकर पुढे सरकवला नसता तर पडले असते. तो धरून ते तरातरा नव्हे, पण एकेक पाऊल टाकत पंखाखाली गेले. उदबत्ती उपटली, नळीत फुंकर मारली, शिव्या दिल्या. आणि एकदा तिथे पोचल्यावर वीस वर्षांची सवय अंगात आली. उडण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारून सगळं तपासायचं असतं. डाव्या दारापासून सुरुवात, मग शेपूट, मग उजवा पंख, मग नाक. शेपटीचं पान हलवून बघितलं. बिजागरी बघितली. उजव्या पंखाखाली वाकता येईना, तर तावड्यांना वाकायला लावलं. नाकाशी आले, शेंदूर नखाने खरवडला, पुन्हा एक शिवी दिली. पूर्ण फेरी. त्या मुलीने महिनाभर मागितलेली चार पावलं केव्हाच मागे पडली होती.

सगळे हात जोडून बघत होते. फक्त रक्षक अस्वस्थ होता.

"बाबा, उलटी झाली."

"काय उलटी?"

"प्रदक्षिणा. देव उजव्या हाताला हवा. तुम्ही डाव्याला घेतला."

"ही प्रदक्षिणा नाही! ही तपासणी आहे. अशीच असते!"

"ते ठीक आहे," प्रभाकरराव काळजीच्या सुरात म्हणाले, "पण शरद, उलटी झाली ती झालीच. आता एक सुलटी घालून टाक. काय बिघडतंय?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी दक्षिणेकडे बघितलं.

"एका अटीवर," ते म्हणाले. "घालतो. पण हे सगळं पुसायचं. आजच. आणि नळीला पुन्हा कुणी हात लावला तर मी हे विमान पूर्वेला फिरवीन."

सफाईवाल्या बायांनी बादली आणली. भावजी दुसऱ्या बाजूने निघाले, हळूहळू, वॉकरचे पाय सिमेंटवर टकटकत, शेपटीशी एकदा थांबून, पंखाच्या टोकाला हात लावून.

परतीच्या टॅक्सीत ते गाढ झोपले. खुर्ची मागे, वॉकर माझ्या मांडीवर. मी मात्र जागी होते आणि त्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा विचार करत होते, जी पलंग ढकलत बसायची. मी तिला आयुष्यभर हसत आले. तिने निदान फक्त नवऱ्याचे पाय वळवले होते. मी अख्खा देव उभा केला, शास्त्राच्या नावाखाली, आणि मला त्याची लाज वाटायला हवी होती. ती यायची मी पवईपर्यंत वाट बघितली.

सोमवारी व्यायामाची मुलगी आली. तिने वही उघडली आणि सवयीने, मान वर न करता, विचारलं, "काका, काही पावलं?"

"दोन फेऱ्या," भावजी म्हणाले. "एक सुलटी, एक उलटी. पुढच्या शनिवारी पाच आहेत."